गाडी आवडते म्हणून नाही, दुसरं काही ठेवलंच नाही म्हणून

"अगं, ऑकलंडच्या लोकांना गाडीच लागते. लाइट रेल केली असती तरी बसलं कोण असतं?"

गेल्या शनिवारी एका ओळखीच्यांकडे जेवताना लाइट रेलचा, म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या ट्रामचा, रद्द झालेला प्रकल्प निघाला, हे वाक्य पुन्हा ऐकलं आणि घास घशातच अडकला. बोलणारा माणूस मूळचा ठाण्याचा. अर्धं आयुष्य लोकलच्या दारात उभं राहून काढलेलं. इथे आल्यावर दोन गाड्या घेतल्या, आणि आता त्यालाही वाटतं की गाडी ही या शहराची आवड आहे. आवड कसली डोंबलाची? नाइलाज आहे नाइलाज! न्यूझीलंडच्या या सतरा लाख माणसांच्या शहरात दुसरा रस्ताच ठेवला नाही, आणि वर म्हणायचं की लोकांनाच हवं होतं.

ज्यांना वाटतं की इथे रुळावरची गाडी कोणाला नको आहे, त्यांनी एकदा सकाळी साडेसातला डॉमिनियन रोडवर बालमोरलच्या थांब्यावर येऊन उभं राहावं. पाटीवर लिहिलेलं असतं बस दोन मिनिटांत. दोनाचं एक होतं, आणि मग तो आकडाच पाटीवरून गायब होतो. बस आलेली नसते, पाटीच्या लेखी ती येऊन गेलेली असते. पुढची येते ती माउंट रोस्किल उपनगरातूनच खच्चून भरून. ड्रायव्हर हात हलवतो आणि न थांबता निघून जातो. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम दोन, एकामागे एक चिकटून, पुढची गच्च भरलेली आणि मागची जवळजवळ रिकामी. थांब्यावरची शाळेची मुलं, हॉस्पिटलच्या पाळीला निघालेल्या नर्स, शहरात साफसफाईची कामं करणारी माणसं, सगळी माना वळवून बघत राहतात. बसची लेन आहे, पण तीही ठरावीक वेळेपुरती. वेळ संपली की त्याच लेनमध्ये ओळीने गाड्या उभ्या राहतात आणि बस बाकीच्या गर्दीत शिरून रांगत बसते. इतकी माणसं रोज हा त्रास सोसून बसने जातात, आणि तुम्ही विचारता रेल्वेला पाठिंबा आहे का? तो थांब्यावर उभा आहे की!

रस्त्यावर अजून बस सोडा म्हणावं तर त्यालाही जागा नाही. शहराच्या टोकाला सायमंड्स स्ट्रीटवर गर्दीच्या वेळी बसला बस लागलेली असते. 2015 सालीच शहराच्या वाहतूक नियोजकांनी उघड सांगितलं होतं की मध्यवर्ती रस्त्यांवर आता आणखी बस मावणार नाहीत, डॉमिनियन रोडसारख्या मोठ्या रस्त्यांवर लाइट रेलच आणावी लागेल. ही कुणा हौशी माणसाची कल्पना नव्हती. हिशेब मांडून काढलेलं उत्तर होतं.

मग काय झालं? 2017 च्या ऑगस्टमध्ये जसिंडा आर्डर्न लेबर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं: शहरापासून माउंट रोस्किलपर्यंत लाइट रेल चार वर्षांत, विमानतळापर्यंत दहा वर्षांत. आम्ही विश्वास ठेवला. रोस्किलमध्ये घर घेताना माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी हे गणित धरलं होतं. लेबरचं सरकार आलं. आणि तिथून पुढे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सरळ रस्त्याच्या मधोमध रूळ टाकायचं सोडून एका गुंतवणूक निधीचा भलामोठा प्रस्ताव मध्ये आला, त्याच्या तुलना आणि वाटाघाटी यांत वर्षं गेली, 2020 मध्ये आघाडीतल्या न्यूझीलंड फर्स्ट पक्षाशी एकमत होईना म्हणून तो गुंडाळला. त्याच वर्षी लेबरला स्पष्ट बहुमत मिळालं. आता तरी कुणाची आडकाठी नव्हती ना? तर 2022 च्या जानेवारीत आमच्यासमोर आला बोगदा! शहरापासून रोस्किलपर्यंत जमिनीखालून, पुढे विमानतळापर्यंत जमिनीवरून, सगळ्या लाइनचा खर्च 14.6 अब्ज डॉलर.

माझा सगळ्यात जास्त राग याच निर्णयावर आहे. जमिनीवरून का नाही? कारण जमिनीवर रूळ टाकायचे तर गाड्यांच्या लेन घ्याव्या लागतात, पार्किंग काढावं लागतं, आणि ते सांगायची हिंमत कुणात नव्हती. गाडीवाल्यांना धक्का लागू नये म्हणून अख्खी ट्राम जमिनीखाली ढकलली आणि तिची किंमत आभाळाला नेऊन भिडवली. मग लोक बिथरले. बिथरणारच! मीही बिथरले. पण लोक ट्रामवर चिडले नव्हते, त्या आकड्यावर आणि इतक्या वर्षांच्या टोलवाटोलवीवर चिडले होते. हे दोन्ही एकच आहे असं ठसवून नॅशनल पक्षाने निवडणूक लढवली, आणि 2024 च्या जानेवारीत नव्या सरकारचे वाहतूक मंत्री सिमियन ब्राऊन यांनी प्रकल्प रद्द केला. सहा वर्षांत 22 कोटी 80 लाख डॉलर खर्च झाले आणि एक मीटरही रूळ पडला नाही, असं त्यांनीच सांगितलं. बरोबर सांगितलं. पण मग त्याच रस्त्यावर जमिनीवरची स्वस्त लाइट रेल का नको, याचं उत्तर कुठे आहे? आधीच्यांनी आमचा पैसा कागदांवर उडवला, नंतरच्यांनी हात झटकले. थांब्यावरची रांग आहे तिथेच आहे.

आणि ही पहिली वेळ नाही. या शहरात 1902 पासून विजेच्या ट्राम होत्या. डॉमिनियन रोडवरही होती. त्या रस्त्यावर आज जी जुन्या दुकानांची रांग दिसते ती ट्रामच्या थांब्यांभोवतीच वाढली. 1955 मध्ये वाहतुकीचा बृहत् आराखडा आला, त्यात मोटरवेला झुकतं माप मिळालं, आणि 1956 च्या डिसेंबरात शेवटची ट्राम धावली. 1959 मध्ये हार्बर ब्रिज उघडला, तोही रेल्वेशिवाय. चालायला साधा फुटपाथसुद्धा नाही! चार लेन पुरेनात म्हणून दहा वर्षांत दोन्ही बाजूंना आणखी चार जोडाव्या लागल्या. सत्तरच्या दशकात महापौर डव्ह-मायर रॉबिन्सन जलद रेल्वेसाठी जिवाचं रान करत होते, त्यांचीही योजना बासनात गेली. म्हणजे गाडीवर अवलंबून असलेलं हे शहर आपोआप असं झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे. वॉटरव्ह्यूच्या मोटरवे बोगद्यावर 1.4 अब्ज डॉलर खर्च झाले, 2017 मध्ये तो उघडला, तेव्हा कुणी आम्हाला विचारलं होतं का की बाबांनो, तुमचा पाठिंबा आहे का? रस्त्याला कधी कुणी पाठिंब्याचा पुरावा मागत नाही. तो फक्त रुळांना द्यावा लागतो.

माझी आई गेल्या उन्हाळ्यात इथे आली होती. डोंबिवलीत ती आजही एकटी लोकलने दादरला जाते, फुलं आणते, बहिणीकडे चक्कर टाकते, संध्याकाळच्या आत घरी. इथे तिला सँडरिंगहॅमच्या वाण्याकडून कोथिंबीर आणायची तर मी कामावरून येईपर्यंत थांबायचं. बसने जाऊन बघितलं तिने. परतीची बस आलीच नाही, ती थांब्यावर उन्हात उभी, आणि मी ऑफिसमधून फोनवर, "आई, तिथेच थांब, मी येते." त्यानंतर ती बाहेर पडेना. "नको गं, तुला उगाच त्रास," म्हणत खिडकीशी बसून राहायची. सहासष्ट वर्षांची, हातीपायी धड बाई, आणि गाडी चालवता येत नाही एवढ्यासाठी घरात कोंडलेली! आमच्या गल्लीत पलीकडच्या पंजाबी काकांचं तेच, समोरच्या चिनी आजींचं तेच. यांची आवड कुणी मोजली? कामावर जाणाऱ्या दोघांना दोन गाड्या, दोन रेगो (गाडीच्या नोंदणीचे पैसे), दोन विमे, वॉरंट (गाडी धड असल्याचा दाखला), पेट्रोल, शहरातल्या पार्किंगचे पैसे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नवख्या जोडप्याने पगारातून यासाठी किती काढायचे? हा जुलमाचा रामराम आहे, आणि त्यालाच लोकांची पसंती म्हणून आमच्या माथी मारतात.

होत नाही म्हणणाऱ्यांनी कॅनबेरा बघावं. तेही गाड्यांचंच शहर, रुंद रस्ते आणि लांब लांब वस्त्या, लोकसंख्या ऑकलंडच्या पावपट. 2016 च्या निवडणुकीत तिथे विरोधक लाइट रेलचा करार रद्द करू म्हणून उभे राहिले आणि हरले. 2019 च्या एप्रिलमध्ये गुंगाहलिनपासून शहरापर्यंत 12 किलोमीटरची लाइन सुरू झाली, जमिनीवरून, रस्त्याच्या मधून. ना बोगदा ना काही.

डॉमिनियन रोडवरच्या दुकानदारांची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. शहरात रेल्वेचा बोगदा खणताना आल्बर्ट स्ट्रीटवरचे लहान धंदे कसे मेटाकुटीला आले ते सगळ्यांनी बघितलंय. डंपलिंगवाला, मिठाईवाला, केस कापणारा, यांनी वर्षभर पत्र्यांच्या कुंपणाआड गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं आणि भाडं भरत राहायचं, हे चालणार नाही. त्यांना नुकसानभरपाई काम सुरू व्हायच्या आधी द्या, तुकड्यातुकड्याने रस्ता खणा. पण त्यांचं नाव पुढे करून आम्हाला आणखी वीस वर्षं थांब्यावर उभं करू नका.

पुढच्या वेळी मतं मागायला कुणीही दारात आलं, कुठल्याही पक्षाचं, तर मी एकच विचारणार आहे: डॉमिनियन रोडवर जमिनीवरून दोन रूळ, शहरापासून रोस्किलपर्यंत, टाकणार की नाही? हो की नाही तेवढं सांगा. आणि हो म्हणालात तर गाड्यांच्या कोणत्या लेन काढणार, तेही तिथेच दारात उभं राहून सांगा.