नुसता बल्ब तर बदलायचाय!

परवा अजून एकाने तोंड वर करून सांगितलं, "एवढं काय त्यात, नुसता बल्ब तर बदलायचाय, एलईडी घाल आणि मोकळा हो." हा चौथा. शिरां पडो त्या "नुसता"वर. दीड महिना झाला मी माझ्या जुन्या पिनबॉल मशीनचा (काचेखाली चेंडू उडवत खेळतात ते) हा नुसता बल्ब बदलतोय. रोज रात्री जेवण झालं की काच काढायची, प्लेफिल्ड, म्हणजे चेंडू धावतो तो पाट, उचलून दांडीवर टेकवायचं, टॉर्च दातात धरायची आणि पंखा बंद करून बसायचं, कारण पंख्याने छोटे स्क्रू कुठे जातात ते देवालाच माहीत. आणि एवढं करून मशीन दिसतंय कसं, तर इस्पितळातल्या पॅसेजसारखं.

मशीन बॅली ह्या अमेरिकन कंपनीचं आहे, मॉडेल एट बॉल, १९७७ चं. त्या काळी वीस हजारांच्या वर बनली होती, त्यातलं एक फिरत फिरत कळंगुटच्या एका बारमध्ये आलं. बारवाल्याचा भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, त्याने कुठल्या बंदरातून कसं आणलं हे तोच जाणे. बार बंद झाला, मशीन कोपऱ्यात रिकाम्या क्रेटखाली पडलेलं, मी टेंपो करून म्हापशाला आणलं. बायको तीन दिवस बोलली नाही, तो विषय वेगळा.

आता एलईडी घालायची गरज का पडली ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याला जुन्याचाच सोस. गरज होती. आत ४४ नंबरचे बल्ब होते, ६.३ व्होल्ट, पाव अँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण वरचा उजेड म्हणून जे सतत चालू असतात ते पन्नास जरी धरले तरी साडेबारा अँपिअर झाले, आणि हा सगळा करंट जातो बोटाएवढ्या कनेक्टरमधून. माझा कनेक्टर काळा पडून खारकेसारखा झाला होता. वर जवळजवळ ऐंशी वॅटची शेगडी लाकडी पेटीत कोंडलेली, त्याने प्लॅस्टिक वाकतं, बॅकग्लासच्या, म्हणजे समोरच्या उभ्या चित्राच्या काचेच्या, मागचा रंग पापुद्रे होऊन सुटतो. त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर इथे चपलेलासुद्धा बुरशी येते, तिथे बॅकग्लासची काय कथा. म्हणून म्हटलं एलईडी, थंड राहतात, करंट ओढत नाहीत, चवथीला सगळी भाचरं घरी येतात त्याआधी करून टाकू.

ऑनलाइन मागवले. वर मोठ्या अक्षरात ६ व्होल्ट, फोटो बरोबर, टोपी तीच पिन असलेली, दाबून फिरवायची. पार्सल आलं, घातले, आणि काय, तर देव्हाऱ्यातली वात विझताना जेवढी दिसते तेवढा उजेड. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात १२ व्होल्ट. म्हणजे मोटारीच्या पार्किंग लाइटचे बल्ब, टोपी दोन्हींची सारखीच असते, त्यामुळे बसतात मस्त. फोन केला तर पलीकडची बाई म्हणते, "सर, बल्ब सॉकेटमध्ये बसतोय ना?" म्हटलं बसतोय. "मग प्रॉब्लेम काय आहे सर?" आता काय बोलायचं ह्यांच्याशी! माझा पायसुद्धा सासऱ्याच्या बुटात बसतो, म्हणून काय मी त्यांची पेन्शन घेऊ?

दुसरं पार्सल खरंच ६ व्होल्टचं. वरचे पेटले. प्लेफिल्डमधले, म्हणजे खेळताना लागतात-विझतात ते, त्यातला एकही नाही. दोन रात्री मी दिवे चालवणाऱ्या सर्किट बोर्डवर संशय घेतला, फ्यूज बदलले, स्वतःला शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली. हे पण मोटारीसाठीच बनवलेले, आणि मोटारीत बॉडी म्हणजे निगेटिव्ह. ह्या मशीनमध्ये सॉकेटच्या पत्र्यालाच पॉझिटिव्ह आहे आणि मधल्या टोकाकडून बोर्ड निगेटिव्ह देतो. तारेच्या बल्बला करंट इकडून आला काय आणि तिकडून आला काय, काही फरक पडत नाही. एलईडीला पडतो. पिनवाला बल्ब उलटा फिरवून घालता पण येत नाही. ह्याला आत ब्रिज असलेला एलईडी लागतो, कसाही करंट आला तरी चालणारा, आणि तो मिळतो दुप्पट किमतीला. मिळतो म्हणजे, बाहेरून मागवला तर.

तिसरं पार्सल. ब्रिजवाले. पेटले! आणि फडफडायला लागले, चवथीच्या मंडपातली सगळ्यात स्वस्त माळ कशी फडफडते तशी. ह्याचं कारण कळलं तेव्हा मात्र मी त्या जुन्या इंजिनियरांना मनातून हात जोडले. बोर्डवर साठ दिवे चालवायला साठ एससीआर आहेत. एससीआर हा एक इलेक्ट्रॉनिक स्विच, असा गडी की त्याला एकदा ढकललं की चालत राहतो, पण समोर थोडातरी भार पाहिजे, करंट एका पातळीच्या खाली गेला की हा हात सोडून मोकळा. पाव अँपिअर ओढणाऱ्या बल्बपुढे तो घट्ट पाय रोवून उभा राहायचा, एलईडी ओढतो त्याच्या किती तरी कमी, मग हा मधेच सुटतो, परत धरतो, परत सुटतो. उपाय काय, तर प्रत्येक दिव्याला समांतर एक रेझिस्टर, म्हणजे एससीआरला वाटावं समोर कोणीतरी आहे. साठ रेझिस्टर, एकशेवीस जोड, सोल्डरिंगचा धूर सगळा नाकात. नुसता बल्ब!

शेजारच्या फिटिंगवाल्या दादाला दाखवलं (माणूस चांगला, आमच्या घराचं सगळं वायरिंग त्याचंच), तो पाच मिनिटं बघून म्हणाला, "होल्टेजचा प्रॉब्लेम, स्टॅबिलायझर घाल." आमच्याकडे कशालाही हेच उत्तर. फ्रिज बंद पडला, होल्टेज. मिक्सर जळला, होल्टेज. लग्न मोडलं तरी होल्टेज म्हणेल हा.

आणि ते रेझिस्टर पण कमी पडले, कारण फडफड दोन प्रकारची होती. दुसरी होती गंजाची. समुद्र जवळ, पत्र्याच्या सॉकेटचा रिव्हेट आतून गंजलेला, करंट क्षणभर तुटतो आणि परत जुळतो. तारेचा बल्ब हे पचवतो हो, तार तापलेली असते, पटकन थंड होत नाही, डोळ्याला काही कळतच नाही. एलईडीला धग नाही. करंट तुटला की लगेच विझला. चाळीस वर्षं त्या तारेने सॉकेटची पापं झाकली आणि एलईडीने एका रात्रीत सगळी चव्हाट्यावर आणली. पॉलिश पेपर घेऊन बसलो मग एकेक सॉकेट घासत.

वरच्या उजेडाचं तर बोलायलाच नको. तिथे सरळ एसी आहे. स्वस्तातला एलईडी, ज्यात ब्रिज नाही, तो सेकंदाला पन्नास वेळा लागतो-विझतो. अमेरिकेत लाइन ६० हर्ट्झची, म्हणून तिकडे थोडं कमी जाणवत असेल, आपल्याकडे ५०. पहिल्यांदा खेळून बघितलं तर चेंडू जोरात जाताना अख्खा दिसेचना, ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतो, काळ्या पोतीतले मणी कसे असतात तसा. फ्लिपर (चेंडू परतवायचा दांडा) कधी मारायचा तेच कळेना. दहा मिनिटांत डोकं धरलं. बायको म्हणाली त्या खोलीत मला मळमळतं, आणि ह्या वेळी तिचं खरं होतं.

रंग! कूल व्हाइट घेतले ही माझीच चूक, दुकानदार म्हणाला "व्हाइटच चांगला, क्लीन दिसतो." क्लीन कशाला पाहिजे, हे काय बाथरूम आहे? बॅकग्लासवर जे लाल आणि पिवळं छापलंय ते मागून तारेचा बल्ब जळणार असं धरून छापलंय. तारेच्या उजेडात लाल भरपूर. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा चिप आणि वर पिवळा लेप, लाल त्यात अगदीच बेताचा. म्हणून लाल रंग शिळ्या कलिंगडासारखा दिसायला लागला. आणि उजेड सगळा टोकातून सरळ वर, सरळ डोळ्यात, इन्सर्टच्या, म्हणजे पाटात बसवलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या, मध्ये पांढरा ठिपका आणि कडा काळोख्या.

मडगावच्या दोस्ताकडे नव्वदच्या दशकातलं मशीन आहे, त्याची वेगळी रड. त्यात एससीआर नाहीत, आठ बाय आठची जाळी, चौसष्ट दिवे आळीपाळीने चालतात. त्याच्याकडे बंद असायला हवेत ते दिवे मंद पेटलेले दिसतात, भूत लागल्यासारखे. तेवढ्याशा निसटत्या करंटने तार तापत नाही, एलईडी मात्र लगेच डोळे मिचकावतो. त्याने पण आधी "नुसते" बल्बच बदलले होते.

आता कोणी मला एलईडीचं कौतुक ऐकवू नका. २०१५ ला उजाला योजना आली तेव्हा ९ वॅटचे बल्ब घरात सगळीकडे मीच लावलेत, बिल कमी झालं, माझी काही तक्रार नाही. घरातला बल्ब ही एकटी वस्तू आहे. इथे बल्ब, सॉकेट, बोर्ड, छपाई सगळं एकमेकांना धरून बनवलंय. त्यातलं एक काढून दुसरं घातलं की बाकीचे तिघे भांडायला उठतात.

चवथीला शेवटी काय झालं, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) सगळे जमले, भाचा म्हणतो मामा मशीन लाव. लावलं. अर्धे एलईडी, अर्धे जुने, डाव्या बाजूला इस्पितळ, उजव्या बाजूला बार. पोराने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्या बाजूचे खराब झालेत का?" आणि बोट दाखवलं नवीन बाजूकडे.

वरचे सगळे मी काढून टाकले. आता तिथे ४७ नंबर घालणार, तारेचाच, तेच ६.३ व्होल्ट पण पाव अँपिअरऐवजी ०.१५, धग बऱ्यापैकी कमी. एलईडी फक्त खाली, वॉर्म व्हाइट, दुधी झाकणवाले, रेझिस्टर लावून. कोणाकडे ४७ चा जुना डबा पडला असेल तर सांगा, शुक्रवारी बाजाराला आलात तर घेऊन या, पैसे देतो. आणि मोटारीचे आणू नका. एकशेदहा पडलेत माझ्याकडे.