पत्रा गटाराच्या अलीकडे

हातात वही घेऊन रस्त्याकडेला बसलेला माणूस चित्रकार असू शकतो, ही शक्यता पंचवटीत कुणाच्या डोक्यातच येत नाही. तो विमा एजंट असतो, जनगणनेचा मास्तर असतो, नाहीतर बायकोशी भांडून घराबाहेर पडलेला असतो. गेल्या रविवारी मला थेट अतिक्रमण विभागात नेमणूक मिळाली, तीही साहेबाच्या हुद्द्यावर. हातातला चहा निवायच्या आत ती गेली. चहाही गेला. त्याचंच जास्त लागलंय.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही मंडळी गावात कुठेतरी जमतो आणि समोर दिसेल ते काढतो. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, शाळेतल्या दोन बाई आहेत, बँकेत काउंटरवर बसणारा मी आहे आणि आर्किटेक्चर शिकणारा एक पोरगा आहे. तो पेन न उचलता अख्खा घाट काढतो, म्हणून त्याच्याशेजारी कुणी बसत नाही. दोन बाईंपैकी एक दर वेळी नारोशंकराची घंटाच काढतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. माणूस नवा नसला तरी सांगतात.

हे खूळ आमचं एकट्याचं नाही. सिअ‍ॅटलमधल्या गॅब्रिएल कंपनारिओ नावाच्या पत्रकाराने २००७ साली 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं आणि आता जगभरच्या शहरांत लोक असे फोल्डिंग स्टूल घेऊन फुटपाथ अडवतात. त्यांचा आठ कलमी जाहीरनामाही आहे. जागेवर बसून काढायचं. चित्र ही त्या स्थळाची आणि काळाची नोंद असते. आणि समोर जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. ही कलमं ज्याने लिहिली तो पंचवटीत बसून लिहीत नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो.

प्रामाणिकपणावरून आठवलं. मागे पुण्याहून एक पाहुणे चित्रकार आले होते. त्यांनी कपालेश्वर काढला, पायऱ्यांसकट, फारच देखणा. शेजारची फुलवाली बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "दादा, नंदी कुठून आणला?" आता कपालेश्वर प्रसिद्ध आहे तेच मुळी शंकरासमोर नंदी नसलेलं देऊळ म्हणून. इथे नंदी महादेवाचा गुरू झाला, म्हणून तो समोर बसत नाही, ही गोष्ट नाशकातल्या पोराटोरांना पाठ असते. पाहुणे अजिबात न डगमगता म्हणाले, "कंपोझिशनला हवा होता." फुलवालीने मान डोलावली. तिला वाटलं, असेल बाबा कुठल्यातरी देवाचं नाव.

तर रविवारी मिसळ खाऊन, पापडाचा शेवटचा तुकडा कुणाचा यावर चर्चा होऊन मंडळी पांगली तेव्हा सावल्या निम्म्या झाल्या होत्या. बहुतेक सगळे रामकुंडाकडे गेले. मी काळारामाकडून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उतरणाऱ्या एका गल्लीत शिरलो. तिथे एक वाडा आहे. माडीला सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर कोरलेले पोपट. एका पोपटाच्या छातीत खिळा ठोकून विजेचा मीटर बसवलाय, दुसऱ्याच्या मानेतून केबलची वायर गेलीय. खाली दुकान, आणि दुकानापुढे पुढे पुढे येत गेलेला निळा पत्रा. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन टायर आणि पाय मोडलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. पत्र्याखालून गटार. मला हे सगळं एकत्र फार आवडलं. बर्न्ट सिएनामध्ये अल्ट्रामरिन मिसळलं की काळ्या पाषाणाचा झकास करडा मिळतो, आणि त्याच्याशेजारी तो निर्लज्ज निळा!

मी समोरच्या कट्ट्यावर बसलो, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत दार खिडकीच्या किती पट आहे ते बघू लागलो. चित्रकलेतली ही अगदी पहिली इयत्ता. पण लांबून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की एक चष्मेवाला माणूस एक डोळा मिटून आपल्या पत्र्याचं माप घेतोय आणि वहीत उतरवतोय. त्यात येऊ घातलेला २०२७ चा सिंहस्थ. कुठला रस्ता रुंद होणार, कुणाचा ओटा जाणार, यावर पंचवटीत सध्या चहाच्या टपरीपासून स्मशानापर्यंत दुसरा विषय नाही.

खरं तर मोजमापाचं म्हणाल तर आमच्या गावाला फूट-इंचांची गरज कधी भासली नाही. गोदेला पूर आला की टीव्हीवाले क्युसेक सांगत बसतात. नाशिककर एवढंच विचारतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? गुडघा, कंबर, छाती, गळा. याच्यापुढे नोंद नाही, कारण याच्यापुढे विचारणारा गच्चीवर असतो. अशा गावात कुणी पेन्सिल उगारून अचूक मापं घेऊ लागला की माणसं घाबरणारच.

दुकानातून काका बाहेर आले. पूजेचं साहित्य आणि गंगाजलाचे तांब्याचे गडू विकतात. आधी त्यांनी खुर्ची आणली.

"साहेब, खाली कुठं बसताय? घ्या, घ्या."

मी बसलो. मग चहा आला. कागदी कपात नाही, कपबशीत. आलं घातलेला, वर साय. मी भारावलोच. म्हटलं, कोण म्हणतं गावाला कलेची कदर नाही?

"किती येतंय?" काकांनी हळूच विचारलं.

"काय?"

"पत्रा."

चित्रात पत्रा फारच जागा खात होता. मी वही लांब धरून म्हटलं, "जरा जास्तच पुढे आलाय."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे कमी करावा लागेल?"

"कमी केला तर शोभेल."

"किती?"

"अर्धा गेला तरी चालेल."

"अर्धा!" काका कट्ट्यावर टेकलेच. मग एकदम खालच्या आवाजात, "साहेब, समोरच्याची पायरी बघितली का? सरळ गटारावर आलीय. ती घेतली का तुम्ही?"

"नाही, पायरी नाही घेतली."

"का नाही घेतली?"

"ती माझ्या मागे आहे ना."

"तुमच्यामागे आहे की तुम्ही त्याच्यामागे आहात?" काकांचे डोळे बारीक झाले. "काय दिलं त्यानं?"

इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलतोय. पण चहा गरम होता आणि खुर्चीला हात होते. मी गप्प राहिलो. काका माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि वहीत डोकावले.

"हे बरोबर नाही साहेब. पत्रा गटाराच्या पार पलीकडे दाखवलाय तुम्ही."

"काका, ते पर्स्पेक्टिव्ह आहे. पत्रा आपल्या बाजूला येतो ना, जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान."

"म्हणजे माझा जवळ आहे म्हणून मोठा?"

"हो."

"मग तिकडून बसा की. माझ्या दुकानात बसून समोरचं काढा. त्याची पायरी मोठी येईल."

कला महाविद्यालयात पाच वर्षं घालवलेल्या माणसालाही यावर उत्तर देता आलं नसतं. मी "तिकडे ऊन आहे" म्हणालो.

"छत्री धरतो मी. ए पिंट्या, छत्री आण रे!"

आता मात्र राहवेना. पिंट्या छत्री घेऊन येईपर्यंत मी सांगून टाकलं की काका, मी कुठल्या विभागाचा नाही, हौस म्हणून चित्र काढतो.

"हौस?"

"हो."

"कुणाला द्यायचं असतं?"

"कुणाला नाही. वहीतच राहतं."

"पैसे?"

"उलट कागदच महाग असतो."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, राग परवडला असता. मग त्यांनी शांतपणे माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. हातातली! मी नुकतीच साय बाजूला करून पहिला घोट घेतला होता. उरलेला चहा त्यांनी त्याच वादग्रस्त गटारात ओतला, कप पिंट्याकडे दिला आणि म्हणाले, "खुर्ची सोड भाऊ, गिऱ्हाईक येतंय." गिऱ्हाईक कुठेही नव्हतं. पार गंगेपर्यंत गल्ली रिकामी होती. साहेबाचा भाऊ झाला, तुम्हीचा तू झाला, आणि मी पुन्हा कट्ट्यावर.

विनोद बाजूला ठेवतो. मला याचा खरंच राग आला आणि तो काकांचा नाही. काकांचं चुकलं कुठे? इतक्या वर्षांत त्यांच्या वाड्याकडे ज्या ज्या माणसाने वर मान करून नीट बघितलं, तो एकतर पाडायला आला होता, नाहीतर विकत घेऊन पाडायला. माझ्या जुन्या वह्यांत असे कितीतरी वाडे आहेत की ज्यांच्या जागी आज पार्किंग आणि वर कसलीतरी 'रेसिडेन्सी' आहे. खांब विकले जातात, कोरलेले पोपट कुठल्यातरी हॉटेलात टेबलाला ठिगळ म्हणून लागतात. उरलेल्या वाड्यांच्या माडीवर वाढदिवसाचे फ्लेक्स. शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांनी एकदा तोच घाट आज काढायला बसावं. पाण्याचा रंग नंतर ठरवा, आधी भावी नगरसेवकांच्या हसऱ्या दातांना पांढरा किती लागेल त्याचा हिशेब करा. आणि आमची मंडळी करतात काय? फ्लेक्स गाळतात, वायरी गाळतात, पत्रे गाळतात, आणि कॅलेंडरला शोभेल असा गाव काढून एकमेकांना "क्या बात" म्हणतात. जाहीरनाम्याचं ते कलम सगळ्यांना तोंडपाठ असतं, हे विशेष.

संध्याकाळी घाटाच्या पायरीवर थ्रोडाउन झालं. म्हणजे सगळ्यांनी वह्या उघडून जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि उकिडवं बसून एकमेकांचं बघायचं. डॉक्टरांनी माझं चित्र बघून दातांचा एक्स-रे बघतानाचा चेहरा केला. "वाडा सुरेख आलाय. तो पत्रा कशाला ठेवलास?" घंटावाल्या बाईही म्हणाल्या, पत्रा गेला असता तर बरं झालं असतं. म्हणजे पत्रा काका सोडून सगळ्या नाशकाला नको होता. तेवढ्यात यात्रेकरूंचा एक जथा आला. त्यातल्या एका आजींनी वह्यांची रांग बघितली, कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांच्या वहीवर दोन रुपयांचं नाणं ठेवून पुढे गेल्या. डॉक्टरांनी ते अजून खिशात जपून ठेवलंय. आमच्यातली ती पहिली विक्री.

आणि काका आले. घाटाच्या पायऱ्या धापा टाकत उतरत. ते माझी माफी मागायला आलेत असं मला साधारण तीन पायऱ्या वाटलं. ते माझ्या वहीवरून पाऊल टाकून सरळ आर्किटेक्चरच्या पोरापाशी गेले. तो दुपारी त्याच गल्लीत, पण गंगेच्या बाजूने बसला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या चित्रात वाडा होता, पोपट होते, टायरसुद्धा होते, आणि पत्रा चक्क गटाराच्या अलीकडे संपत होता.

"हे बघा," काका आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. "याला म्हणतात चित्र. खरं ते काढलंय पोरानं." मग त्याला, "सही कर बाळा. तारीख टाक. वेळ पण टाक."

पोराने सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली आणि पान फाडून दिलं. काका गेल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, पत्रा एवढा आखूड कसा काढलास? तो म्हणाला, "दादा, कागद संपला." दुपारी काकांनी त्याला दोनदा चहा पाजला होता म्हणे.

बुधवारी बाजाराला गंगेवर गेलो होतो, परतताना मुद्दाम त्या गल्लीतून आलो. चित्र लॅमिनेट होऊन दुकानात लागलंय, गडूंच्या भावफलकाशेजारी. पोराच्या सहीखाली काकांनी स्वतः बॉलपेनने लिहिलंय, 'पत्रा गटाराच्या अलीकडे. मोका पाहणी केली.' मी वाचत उभा होतो तेवढ्यात समोरच्या दुकानातून पायरीवाले उतरून आले. इकडे तिकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हीपण काढता ना हो? आमच्या बाजूचं एक पाहिजे होतं. किती घेता?"

मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "गटार कुठे हवंय?"