‘ऑटोरिमूव्ह मारा, मशीन सुसाट’ म्हणे!

नागपुरातल्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘उबुंटू हळू झालं? टर्मिनलमध्ये सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह मारा. नको ती पॅकेजेस जातात, मशीन सुसाट होतं, धोका शून्य, वर सुरक्षाही वाढते.’ (उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टम; ॲप्ट हे तिच्यावर पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, टाकणारं-काढणारं साधन.) इतवारीतल्या एका दुकानदार भाऊंनी तो मनावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला.

‘सुसाट’चं आधी उरकतो. डिस्कवर नुसती पडलेली लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) ना रॅम खाते ना प्रोसेसर. जागा मोकळी होते, जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) निघतात, तेवढं खरं. मशीन रखडत असेल तर कोणत्या सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) चालू आहेत ते बघा.

‘धोका शून्य’ मात्र साफ चूक. ॲप्टच्या वहीत दोनच शेरे असतात: तुम्ही मागवलेलं, आणि दुसऱ्यासोबत आपसूक आलेलं. आपसूक आलेल्याला धरून ठेवणारं पॅकेज गेलं, की ते निघणाऱ्यांच्या यादीत. भाऊंकडे पावत्यांचे फोटो लहान करणारी चार ओळींची स्क्रिप्ट आहे, मीच लिहिलेली. ती इमेजमॅजिक हे फोटोंवर काम करणारं सॉफ्टवेअर वापरते. इमेजमॅजिक आलं होतं दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरच्या मागे, आणि ते भाऊंनी कधीच काढून टाकलं होतं. स्क्रिप्टची नोंद ॲप्टच्या वहीत कुठून असणार? सकाळी स्क्रीनवर ‘कन्व्हर्ट: कमांड नॉट फाउंड’ (कन्व्हर्ट ही इमेजमॅजिकचीच कमांड), काउंटरवर गिऱ्हाईक. चूक माझीही आहे. स्क्रिप्ट देतानाच ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल इमेजमॅजिक’ करून, म्हणजे ‘हे मागवलेलं’ असा शेरा मारून ठेवलं असतं, तर ऑटोरिमूव्हने त्याला हात लावला नसता. निदान यादी तरी वाचा हो. काढण्याआधी येणारा तो वाय-एनचा प्रश्न त्यासाठीच असतो.

राहिली सुरक्षा. कमी पॅकेजेस म्हणजे कमी फटी, हे मान्य. पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोअर) सापडली, ती आठवा. एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खोदताना अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या ती हाती लागली. गंमत अशी, की एसएसएच पुरवणाऱ्या मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. डेबियन-फेडोरा या लिनक्सवाल्यांनी सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टमडीला ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप द्यायला ओपनएसएसएचला लिबसिस्टमडी ही लायब्ररी जोडली, आणि तिच्या शेपटाला धरून एक्सझेडची लायब्ररी आत आली. ऑटोरिमूव्ह तिथे काय करणार? ॲप्टच्या लेखी ती गरजेचीच होती. ही डिपेंडन्सी (एकाला दुसऱ्याची गरज) सुटते ती कोडमध्ये हात घालूनच: त्याच वर्षीच्या ९.८ आवृत्तीपासून ओपनएसएसएच तो निरोप स्वतःच्या कोडने पाठवतं.