ॲव्हरेज किती देती?

काल कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, अकरा चहांचे पैसे मी दिले. त्यातला एक माझा. उरलेले दहा ज्यांनी प्यायले ते सगळे मला हसायला जमले होते. हसून घसा कोरडा पडतो हे कबूल, पण तो ओला करायचा खर्च माझ्याकडे कसा आला, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

प्रकरण साधं. मालवणच्या साडूंनी गळाच्या मासेमारीसाठी परदेशी बनावटीची जुनी फायबरची बोट घेतली. बत्तीस फूट, सात टन, पोटात दोन कॅटरपिलर ३२०८ इंजिनं. चाळीस वर्षं राबलेल्या इंजिनांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण आता ती डिझेलपेक्षा ऑईल जास्त पितात. "तुम्ही कोल्हापूरचे, इंजिनाच्या गावचे, तुम्हीच काय ते बघा," असं म्हणून साडूंनी मापांचा कागद मोबाईलवर पाठवला आणि ते सोलकढी प्यायला मोकळे झाले.

तो कागद घेऊन मी एका वर्कशॉपात उभा. मिस्त्री हेड उघडून बसलेला. मी सुरुवात केली, "बोटीचं इंजिन बदलायचंय." मिस्त्रीनं मान वर करायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला.

"पाणी कुठाय?"

बाकावर मामा बसले होते. मामा कुणाचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते गिऱ्हाईक नव्हते, मालक नव्हते, त्यांची कुठली गाडीही तिथं उभी नव्हती. दर वर्कशॉपला असा एक मामा जोडून येतो, लेथला जसा खराद्याचा मोडका स्टूल असतो तसा. उसाचे ट्रक चालवून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, खिशात चष्म्याचं रिकामं घर.

"मालवणात," मी म्हटलं.

"मग हितं कशाला आलासा? का पंचगंगा त्रेचाळीस फुटावर जायची वाट बघतासा? तवा काय, बोट दारातच लागती." पहिले चारजण इथं हसले. ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेच्या पातळीचे आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतात, त्यामुळं विनोद समजावून सांगावा लागला नाही.

मी दुर्लक्ष करून मिस्त्रीला मुद्द्याचं सांगितलं. ३२०८ म्हणजे १०.४ लिटरचं व्ही-आठ (व्ही आकारात आठ सिलिंडर), २१० हॉर्सपॉवर, २८०० आरपीएम. त्याला लायनर, म्हणजे बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत; पिस्टन ज्यात फिरतो तो बोअर थेट ब्लॉकमध्येच. बोअर झिजला की ओव्हरसाईज करा नाहीतर स्लीव्ह ठोका. ते उद्यमनगरात होईलही, पण पिस्टन, रिंगा, गास्केटं बाहेरून मागवायची आणि एवढं करून समुद्राचं पाणी खाऊन पोखरलेले कूलर, मॅनिफोल्ड जुनेच. म्हणून नवीनच बसवायची. माझ्या डोक्यात कमिन्सचं ६बीटी होतं. ५.९ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो, २६०० आरपीएमला तेवढीच ताकद, वजनानं बरंच हलकं आणि मेकॅनिकल पंपाचं.

"थांबा थांबा," मामा उठले. "हे तर आमच्या टाटात हुतं! जमशेदपूरचं! स्क्रॅपात ट्रक घ्या, इंजिन उतरवा, होडीत टाका. लाखभरात काम."

दुःखाची गोष्ट अशी की मामा अर्धे बरोबर होते. ब्लॉक, क्रँक, हेडचं घराणं एकच. उरलेलं अर्धं सांगता सांगता चहा क्रमांक तीन ते सहा झाले.

मी म्हटलं, ट्रकला रेडिएटर असतो, बोटीत वारा कुठनं आणणार?

"रेडिएटर कशाला? चारी बाजूला पाणीच हाय की. सोडा आत."

मामा, ते पाणी खारं असतं. तापलेल्या ब्लॉकमधून फिरवलं की क्षार आत धरतात, पाण्याची वाट बुजते आणि बिडाचा ब्लॉक गंजतो. म्हणून इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून येऊन ते गार करतं. ते पाणी ओढायला रबरी पात्यांचा पंप, पाती वर्षाला बदलायची. नळ्या वाचवायला जस्ताच्या कांड्या, त्या अर्ध्या झिजल्या की नव्या. शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याच्या जॅकेटातला, कारण बंद खोलीत लालभडक मॅनिफोल्ड म्हणजे आगीला अक्षता.

"बरं. गिअरबॉक्स तर ट्रकचाच घ्या. सहा गिअर हाईत."

बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्याला मागं ढकलतो तेव्हा तोच जोर शाफ्टवरून पुढं येतो. सात टनांची बोट त्या शाफ्टच्या टोकानं ढकलली जाते. मरीन गिअरबॉक्समध्ये तो रेटा झेलायला थ्रस्ट बेअरिंग असतं. ट्रकचा गिअरबॉक्स फिरवायला केलेला असतो, असा रेटा खायला नाही. तो पहिल्याच आठवड्यात पोटातलं सगळं बाहेर काढेल.

मामा थोडे गप्प झाले, म्हणून मी शेफारलो. म्हटलं, ट्रकला उतार असतो, सिग्नल असतो, ढाब्यावर थांबणं असतं. बोट म्हणजे भरल्या ट्रॉलीनं करूळ घाट चढायचा आणि घाट संपायचाच नाही. म्हणून एकाच ब्लॉकची ताकद कामाप्रमाणं वेगवेगळी बांधून देतात. हाच ब्लॉक ३७० हॉर्सपॉवरलाही बांधलेला आहे, पण मग गिअरबॉक्स मोठा, शाफ्ट जाड, एक्झॉस्टचा पाईप मोठा, आणि आयुष्य कमी. साडूंना सुरमई पकडायचीय, शर्यत लावायची नाहीय.

आता जमाव नऊवर गेला होता. आणि मामांनी तो प्रश्न टाकला, ज्याची मला सकाळपासून भीती होती.

"ॲव्हरेज किती देती?"

मी म्हटलं, बोटीचं ॲव्हरेज तासावर असतं. एका इंजिनातून १५० हॉर्सपॉवर काढली तर तासाला २८ लिटरच्या आसपास. दोन इंजिनं, ५६ लिटर.

"तासात जाती किती?"

सोळा नॉट धरा. म्हणजे तीस किलोमीटर.

मामांनी डोळे मिटून भागाकार केला. माझ्या मुलाला कॅल्क्युलेटर लागतो. "म्हंजे लिटरला अर्धा किलोमीटर? बिंदू चौकातनं निघाला, भवानी मंडपात लिटर संपला!" मग त्यांनी जमावाकडं वळून तेच परत सांगितलं. रस्त्यावरून चाललेल्या एका टेम्पोवाल्यालाही सांगितलं. टेम्पोवाला गाडी बंद करून आला. चहा क्रमांक दहा.

इथं मला खरंच राग आला. साडूंच्या डिझेलवर हे हसतात ते हसोत, पण इंजिनाचा भाव विचारला की जे हाल होतात त्यावर कुणी हसत नाही. एका विक्रेत्याकडून कोटेशन आलं होतं. इंजिनाचा आकडा वर ठळक. खाली मुंगीच्या अक्षरात: गिअरबॉक्स, डॅम्पर प्लेट, माउंट, मीटरचं पॅनल, वायरिंग, एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो वेगळे. म्हणजे लग्नाचा खर्च विचारला आणि हॉलचं भाडं सांगितलं. एल्बो म्हणजे धूर आणि समुद्राचं पाणी एकत्र बाहेर सोडणारी वाकडी नळी. तो चुकला, पाण्याच्या पातळीच्या पुरेसा वर नसला, तर समुद्र एक्झॉस्टमधून मागं येतो आणि टर्बोत शिरतो. लाखोंचं इंजिन एका वाकड्या नळीपायी जातं, आणि नेमकी तीच नळी कोटेशनात नाही. विचारलं तर उत्तर, "साईटवर बघू." साईट म्हणजे मालवण. बघणार कोण, तर मी.

पंख्याचंही तसंच. जुनं इंजिन २८०० ला फिरायचं, नवं २६०० ला. गिअर दोनास एकच ठेवला तर पंखा १४०० ऐवजी १३०० फिरणार. तोच पंखा ठेवला तर वेग पडणार, म्हणून पंख्याचा २२ इंची पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर, साधारण पावणेदोन इंचांनी वाढवायचा. फार वाढवला तर उलटं दुखणं: डिझेल आणि माणसांनी भरलेली बोट पूर्ण रेसवर २६०० गाठत नाही, २४०० ला अडकते, काळा धूर सोडते, आणि धूर दिसतोय तोवर व्हॉल्व्ह भाजत असतात. इंजिन बदलल्यावर पंखा तपासला नाही, तर सहा महिन्यांत परत इंजिन बदलायचं. हे मी सगळं मिस्त्रीला सांगत होतो. मिस्त्री मामांकडं बघत होता.

"ते ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "दार केवढं हाय?"

कसलं दार?

"इंजिन आत न्यायचं दार."

कागदावर इंजिनाची लांबी होती, रुंदी होती, इंजिन टेकतं त्या दोन बेडमधलं अंतर होतं, शाफ्टचा कोन होता. दार नव्हतं. इंजिनावरच्या झाकणाचं माप नव्हतं, केबिनच्या दरवाज्याचं नव्हतं. मी म्हटलं, जुनं आत गेलंय म्हणजे नवं जाईलच की.

"आमच्या गुऱ्हाळात चरक असाच आत गेलता," मामा सावकाश म्हणाले, "मग त्याच्या भवतीनं भिंत बांधली. चरक मोडला तवा भिंत पाडली."

कोणी हसलं नाही. कारखान्यात इंजिनं ठेवून वरून डेक बसवला असेल, तर ती रुंद व्ही-आठ बाहेर काढायलाच डेक कापावा लागणार. मॅनिफोल्ड, टर्बो, ऑईल चेंबर सोडवून आत नेलं तरी उंचीचा प्रश्न उरतोच. डेकच्या खाली टर्बो बसतोय का, फिल्टर काढायला हात जातोय का, हे ऑर्डर देण्याआधी बघायचं. आणि हे सगळं जूनमध्ये, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर असते.

चहावाल्यानं किटली माझ्यासमोर ठेवली आणि हिशेब सांगितला. सगळे दुसरीकडं बघत होते.

आज सकाळी आठला मामांचा फोन. नंबर मिस्त्रीनं दिला. "होडीवाले, कवा निघायचं मालवणला? डिझेल तुमचं, टेप माझी. फक्त टेपचं पहिलं तीन इंच तुटल्यात, तेवढं वजा करा."