दार बंद करणं हा उपाय नव्हे
युरोपच्या जीडीपीआर कायद्यामुळे (लोकांची वैयक्तिक माहिती कशी गोळा करायची, वापरायची याचे नियम घालणारा कायदा) परदेशी वेबसाइट्सना नाइलाजाने तिथल्या वाचकांना बाहेर ठेवावं लागलं, हे एका लेखातलं म्हणणं मला पटत नाही. कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला, लागू झाला २५ मे २०१८ ला. दोन वर्षं हाताशी असूनही लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यूनसारख्या दैनिकांनी युरोपातल्या वाचकांसाठी साइटच बंद केली! एवढ्या मोठ्यांनी असं करावं याचा खरंच राग येतो.

आम्ही कोल्हापुरातून चपला ऑनलाइन विकतो, युरोपातही पाठवतो. तिथल्या ग्राहकांना माल विकायचा म्हटलं की हा कायदा आपल्यालाही लागू होतो. म्हणून आम्ही ऑर्डरच्या फॉर्ममधली जन्मतारीख काढून टाकली. चप्पल पाठवायला नाव, पत्ता, फोन आणि पायाचं माप पुरतं, जन्मतारीख कशाला हवी? कुणी ‘माझी माहिती पुसा’ म्हणून मेल केली, तर महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. बिलाच्या नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात, बाकीचं पुसतो. काम वाढतं, पण झेपतं.

आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला आहे. इथल्या दुकानदारांनी फॉर्म आत्ताच तपासावेत.