आमचं एलिव्हेशन

मला इमारती बघायचा नाद आहे. नाद कसला, तर घरपट्टी भरायला खुशीनं जाणारा सोलापुरातला मी बहुधा एकटाच माणूस असेन. महापालिकेच्या आवारात इंद्रभुवन आहे ना! अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेला तो महाल बघत मी इतका वेळ उभा राहतो, की एकदा शिपाई जवळ येऊन म्हणाला, "साहेब, काय तक्रार हाय का?"

घरच्यांना या नादाचा आजवर उपद्रव नव्हता. पण बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराचा पुढचा भाग पाडून नवा बांधायचं ठरलं, आणि धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू फक्त हो म्हण. एलिव्हेशन मी बघतो."

हल्ली आमच्याकडं कुणी घर बांधत नाही, एलिव्हेशन बांधतं, म्हणजे घराचा दर्शनी चेहरा. त्याच्या मागं घर येतं, नवरदेवाच्या मागं करवली येते तसं.

रात्री अकराला घरच्या ग्रुपवर थ्रीडी आलं. तीन मजले निळी काच, कडेनं ॲल्युमिनियमचे चॉकलेटी एसीपी पत्रे, समोर लाल मोटार, हिरवळ, आणि एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली. आमचा बोळ इतका रुंद, की समोरून रिक्षा आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. हिरवळीच्या जागी गटार आहे. चुलतभाऊ म्हणाला, "भारी दिसलालंय की!" आईनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"कुणी नाही काकू, शोभेला घातलीय."

"बरं. आणि हौदाचं झाकण कुठंय?"

वास्तुकलेवरची बरीच समीक्षा मी वाचली आहे. इतका नेमका प्रश्न कुठं वाचलेला आठवत नाही. आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी येतं. सगळा संसार त्या झाकणाखाली, आणि चित्रात झाकणच नाही!

माझा आक्षेप वेगळा होता. घराचं तोंड पश्चिमेला. दुपारी डोक्यावरचं ऊन छज्जा अडवतो. पण संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, ते छज्ज्याला जुमानत नाही. थेट छज्ज्याखालून आत शिरतं, जेवायची वेळ साधून येणाऱ्या पाहुण्यासारखं. त्यात काच. काच ऊन आत घेते, आतल्या वस्तू तापतात, आणि त्यांची धग मात्र ती बाहेर सोडत नाही. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. ल कॉर्ब्युझिएसारख्या नामवंत वास्तुकारानं पॅरिसमध्ये १९३३ साली बेघरांसाठी इमारत बांधली, दक्षिणेला सगळी बंद काच लावली, थंड हवेची यंत्रणा पैशाअभावी राहून गेली, आणि आतली माणसं उन्हाळ्यात शिजली. लंडनमध्ये तर २०१३ साली एका वाकड्या काचेच्या टॉवरनं खाली लावलेल्या जॅग्वारचे भाग वितळवले. एका पत्रकारानं त्या झोतात अंडं तळून दाखवलं.

"मग गॅस वाचंल की दादा," असं उत्तर आलं. धाकट्या काकांनी लिहिलं, "कुठं पॅरिस, कुठं बाळीवेस!" माझंही तेच म्हणणं होतं, पण त्यावर सहा अंगठे पडले आणि विषय संपला.

मी हार मानली नाही. म्हटलं, गच्चीवर तरी चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवू, ऊन परत फेकतात. अहमदाबादला वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी स्वतःच्या ऑफिसची छतं तशीच मढवलीत. २०१८ साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळालेला पहिला भारतीय माणूस, जन्मानं पुण्याचा! काकू म्हणाल्या, "पुण्याचे का? मग बरोबर. फुटकी फरशी लावा, आणि लोकांनी म्हणावं पैसे संपले."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं: आपलं जुनं माळवद. दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं, भर मे महिन्यात दुपारी पांघरूण लागायचं. "आणि मिरगाच्या पावसात छतातल्या साण्यातून पाणी कुणाच्या अंथरुणावर गळायचं?" चुलतभावानं विचारलं. माझ्याच. मी गप्प बसलो.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर वास्तुशांत झाली. पाहुण्यांनी काचेत स्वतःचे फोटो काढले. मार्च निभावला. एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला आणि आमच्या हॉलनं खरं रूप दाखवलं. पाच वाजता सोफ्यावर बसलेला माणूस उठताना रेक्झिनसकट उठायचा. खिडकी उघडावी म्हटलं तर ती उघडणारी नव्हतीच. उघडणाऱ्या खिडकीनं 'लुक जातो' म्हणे. एसी घेतला, तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त धापा टाकायला लागला. फायदा एकाच गोष्टीचा झाला: त्या वर्षी कुरडया गच्चीवर न वाळता हॉलमध्ये वाळल्या. कावळा राखायची कटकट नाही.

शेवटी आईनं ट्रंकेतली मोराच्या नक्षीची चादर काढली आणि काचेला आतून लावली. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाचन कामाला आलं. म्हटलं, "आई, आतून नको. ऊन काचेतून आत आलं, की मग अडवून काय उपयोग? बाहेरून लाव." कठड्याला हूक ठोकले, दोरी ओवली आणि तीन सोलापुरी चादरी बाहेर सोडल्या. आत लगेच फरक पडला. पॅरिसवाल्यांनीही पुढं त्या काचेवर बाहेरूनच आडोसे बसवले होते. फक्त त्यांचे सिमेंटचे होते, धुता येत नव्हते.

मे महिन्यात ते एलिव्हेशन काढणारा इंजिनिअर रील करायला आला. "काकू, दोन मिनिटं चादरी काढता का? सगळं एलिव्हेशन झाकलंय."

"काढते की. तू आत बस तोवर, सरबत घे."

आईनं दोऱ्या सोडल्या आणि सरबत करायला निवांत वेळ लावला. दहा मिनिटांनी तो शर्टाच्या बाहीनं मान पुसत बाहेर आला, आणि रील न करता हूक कुठल्या दुकानात मिळाले ते विचारून गेला.

गेल्या आठवड्यात त्याचं जुळे सोलापूर भागातल्या एका घराचं थ्रीडी फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आलं. काच तीच, पण वरच्या कठड्याला ओळीनं हूक. आईनं चित्र मोठं केलं आणि बराच वेळ खाली कोपऱ्यात बघत राहिली.

"ही बाई आता तिकडं राहायला गेली वाटतं," ती म्हणाली. "झाकण तिथंबी नाही."