जड ट्रेलर म्हणजे मजबूत ट्रेलर नव्हे

गाडीमागे जोडायच्या कॅराव्हॅन ट्रेलरबद्दलचा एक मेसेज सध्या आमच्याकडे घरोघरी फिरतोय. आधी निपाणीच्या पाहुण्यांकडून आला, मग खानापूरच्या मित्राकडून, परवा गल्लीच्या ग्रुपवरही पडला. मजकूर थोडक्यात असा: ट्रेलर जड असेल तर मजबूत समजा. फायबरची बॉडी असली की गळतीची चिंता नाही. अमेरिकन शिक्का असेल तर डोळे झाकून घ्या. नव्याचे टायर बघायची गरज नाही. 10 मिनिटांत माल कळतो.

बेळगावात उद्यमबागेत ट्रॉल्यांच्या वेल्डिंगमध्ये माझी 22 वर्षे गेली. हे वाचून कुणी साठवलेला पैसा घालेल आणि असला ट्रेलर मागे बांधून घरच्यांसकट चोर्ला घाट उतरेल, या काळजीने लिहितोय.

आधी वजनाचे. उसाची ट्रॉली जड असते ती चॅनेल, म्हणजे खालच्या सांगाड्याची लोखंडी पट्टी, जाड असतो म्हणून. राहायच्या ट्रेलरमध्ये बरेचसे वजन कपाटे, पलंग आणि प्लायवूडचे असते, आणि ते सगळे अ‍ॅक्सलच्या डोक्यावर बसते. समजा, ट्रेलरच्या प्लेटवर एकूण क्षमता, म्हणजे ट्रेलर आणि सामान मिळून, 1500 किलो आहे आणि रिकामा ट्रेलरच 1250 भरतो. हातात राहिले 250. त्यात 100 लिटर पाण्याचे 100 किलो, भरलेला घरगुती सिलिंडर 30 च्या आसपास, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 च्या वर. भांडीकुंडी, अंथरूण, कपडे अजून चढायचेच आहेत. रिकामा जितका जड, तितकी ही शिल्लक कमी. शिवाय वजन कुठे आहे तेही बघा. टाकी आणि किचन दोन्ही अ‍ॅक्सलच्या मागे असतील तर हुक हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटासारखा डुलतो. ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला की काय होते, ते आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

मजबुती बघायची तर चटई टाका आणि खाली शिरा. हुकाचा त्रिकोण मुख्य चॅनेलला जिथे मिळतो आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे जोडलेत, तिथले वेल्डिंगचे टाके टॉर्च मारून बघा. टाका सलग हवा. भोके नकोत, कडेला चॅनेल खाल्लेला नको. रंगातून केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती तडा समजा. असल्या जागी रंग ताजा आणि बाकी चॅसिस जुनी असेल, तर रंग कशासाठी मारला ते मालकाला विचारा.

आता फायबर, कारण सगळ्यात जास्त माणसे इथेच फसतात. फायबरच्या पत्र्यातून पाणी जात नाही, हे खरे. पण पाणी पत्र्यातून येतच नाही. ते येते छताच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून, झरोक्यातून, दिव्याच्या स्क्रूच्या भोकातून. बऱ्याच ट्रेलरमध्ये फायबरच्या मागे पातळ प्लाय आणि फोम चिकटवलेला असतो. पाणी तिथे पोचले की गोंद सुटतो आणि भिंतीला फुगा येतो. बाहेरून मात्र सगळे पांढरेशुभ्र.

मागच्या पावसाळ्यानंतर आत्तेभावासाठी एक जुना ट्रेलर बघायला गेलो होतो. आत पाऊल टाकताच अगरबत्तीचा वास. मी कोपऱ्यातल्या बाकाची फळी उचलली आणि तळाला अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला, खालची फ्रेम काळी पडलेली. वर छतावर चढून बघितले तर जुन्या भेगाळलेल्या सीलंटवर नव्या सिलिकॉनचा जाड थर. मालक म्हणाला, "परवाच सर्व्हिसिंग केलंय." भाऊ ॲडव्हान्स द्यायला निघाला होता, त्याला हात धरून बाहेर आणले.

म्हणून शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. कणकुंबीकडचा पाऊस चार महिने सोसायचा असेल तर एवढी वाट बघायलाच हवी. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला डोळा लावून लांबवर बघा, फुगा लगेच दिसतो. खिडक्यांखाली, कपाटांच्या तळाशी आणि चारही कोपऱ्यांत दाबून बघा.

अमेरिकन शिक्क्याचे एवढेच. तिथल्या ट्रेलरवरचा उद्योगसंघटनेचा तो स्टिकर आग, गॅस, वीज आणि नळजोडणीच्या सुरक्षा नियमांपुरता आहे. दार नीट बसते का, छत गळते का, याची हमी तो देत नाही. आणि शिक्का कुठलाही असो, आपल्या कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. चॅसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळवा. कोल्हापूरचा एमएच 09 घेऊन इकडे केए 22 किंवा 23 करायचा असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उन्हात उभाच असतो, त्यामुळे नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. न विकता पडून राहिलेल्या नव्यालाही हे लागू आहे.

राहिली ती 10 मिनिटे. अर्धा दिवस काढा. पैसे देण्याआधी ट्रेलर जोडून खराब रस्त्याने 20 किलोमीटर फिरवा. परत आल्यावर कपाटांचे स्क्रू सैल झालेत का बघा, मग प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक धरतोय. ते चाक तिथेच, तुमच्यासमोर उतरवायला सांगा.